शेगडीच्या पोटातलं पत्र

मित्रांनो, माझ्या पोटात सोळा वर्षं एक पत्र पडून होतं. ते मला आलेलं नव्हतं, पण त्याला इतकी वर्षं उत्तर गेलं नाही, यात थोडा दोष माझाही आहे. मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. सध्या लेनिनग्राडच्या एका भंगाराच्या आवारात पडून आहे. माझी हकिगत कुणाला ऐकावीशी वाटेल का, याची मला खात्री नाही. तरी सांगते.

१९४१ साली शत्रूनं शहराला वेढा घातला आणि घरं उबदार ठेवणारे वाफेचे नळ थंड पडले. तेव्हा एका लोहारानं छपराच्या जुन्या पत्र्यातून मला ठोकून काढलं. चार वाकडे पाय, एक दार आणि खिडकीबाहेर जाणारं धुराडं, एवढंच माझं रूप. आपले रबरी बूट देऊन मला घरी आणलं ते प्लातोन साव्हेल्येविच यांनी. ते ग्रंथालयात सूची करायचे आणि माणसांपेक्षा पुस्तकांशी जास्त बोलायचे.

शेजारच्या खोलीत ट्रामच्या कंडक्टर ग्लाफिरा इग्नात्येव्हना राहत. ट्राम बंद पडल्या, दिवसाला सव्वाशे ग्रॅम पाव मिळू लागला आणि बाई अंथरुणाला खिळल्या. एका शेगडीवर दोन माणसं तगतील म्हणून प्लातोन साव्हेल्येविच यांनी त्यांची खाट ओढत आपल्या खोलीत आणली.

आधी मी खुर्च्या खाल्ल्या. मग फळ्या, मग त्यांची स्वतःची पुस्तकं. प्रत्येक पुस्तक माझ्या तोंडात घालण्याआधी ते त्याचं नाव मोठ्यानं वाचत आणि एका कार्डावर लिहून ठेवत. सवयच ती. फेब्रुवारीत खोलीत उरल्या फक्त व्हेनिअमिनच्या पुस्तकांच्या चार पेट्या. व्हेनिअमिन त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. कारखान्याबरोबर त्याला उरल पर्वताकडे जावं लागलं, तेव्हा तो म्हणाला होता, "माझा जीव आहे यात, प्लातोन. सांभाळ."

तीन दिवस त्यांनी पेट्यांना हात लावला नाही. चौथ्या दिवशी ग्लाफिराबाईंच्या उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी गोठलं आणि हाक मारली तरी बाई डोळे उघडेनात. प्लातोन साव्हेल्येविच यांनी पहिली पेटी फोडली. मार्चअखेर चारही संपल्या. बाई वाचल्या. उठून बसल्यावर त्यांनी माझ्या काळ्या अंगावर हात ठेवला आणि मला "माझी आई" म्हणाल्या. एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

युद्ध संपलं, नळ पुन्हा गरम झाले, मी कोपऱ्यात गेले. त्याच वर्षी व्हेनिअमिनचं पत्र आलं. प्लातोन साव्हेल्येविच यांनी ते उभ्यानंच वाचलं, घडी घातली आणि माझ्या पोटात सरकवलं. मला पेटवण्याचा त्यांना धीर झाला नाही. पुढे कित्येक रविवारी ते उत्तर लिहायला बसायचे आणि फाडून टाकायचे. मी मात्र पत्र गुपचूप सांभाळत राहिले. तेच माझं चुकलं की काय, कोण जाणे.

१९६१ च्या एप्रिलमध्ये दोघांना शहराबाहेरच्या नव्या इमारतीत खोल्या मिळाल्या. तिथे माझं काही काम नव्हतं. मला भंगारात देण्याआधी राख काढताना पत्र ग्लाफिराबाईंच्या हाती लागलं.

"हे काय हो, प्लातोन साव्हेल्येविच? टपाल शेगडीत ठेवता?"

ते असू द्या म्हणाले, पण बाईंनी तोवर चष्मा लावला होता.

"त्याला कोणत्या तोंडानं लिहू?" ते म्हणाले. "त्याचा जीव मी पानापानानं जाळला."

"माझ्यासाठी जाळलात. म्हणजे जाब मला विचारायला हवा. पण यात त्यानं जाब विचारलाय कुठे? पहिली ओळ वाचा. मोठ्यानं."

त्यांनी वाचलं, "प्लातोन, तू जिवंत आहेस का?"

"आणि पुस्तकांचं कुठे आहे?"

"चौथ्या ओळीत."

"एवढे शिकलेले तुम्ही, आणि सोळा वर्षं चौथ्याच ओळीत अडकून बसलात. त्या बिचाऱ्यानं तुम्ही गेलात असं समजून तुमच्या नावानं केव्हाच मेणबत्ती लावली असेल."

प्लातोन साव्हेल्येविच खाली बसले ते थेट माझ्यावरच. गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी एका दमात उत्तर लिहिलं. पत्ता बदलला असेल तर, असं ते पुटपुटले. बाई म्हणाल्या, मग परत येईल, तुमच्यासारखं लपून तर बसणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू उद्या वितळल्या तरी चालेल. पण कुणी तुमची खुशाली विचारली असेल, तर त्या माणसाला ताटकळत ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी मला हातगाडीवर घातलं. रस्ते माणसांनी फुलले होते. आपला माणूस आकाशापलीकडे जाऊन सुखरूप परतल्याची बातमी नुकतीच आली होती आणि अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. निळ्या टपालपेटीसमोर गाडी थांबली. पत्र हातात धरून प्लातोन साव्हेल्येविच नुसतेच उभे राहिले. एवढ्यात एका धिप्पाड खलाशानं त्यांना कवेत घेऊन जमिनीवरून उचललं, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि तो पुढे निघून गेला. ते लाजून लाल झाले, टोपी सारखी केली आणि त्यांनी पत्र पेटीत टाकलं.