डाळ मिलच्या चाळणीवर उपग्रह

पीठ चाळायची नव्हे, मित्रांनो, मी जळगावच्या एका डाळ मिलमधली जुनी लोखंडी चाळणी आहे. खाटेएवढी लांब आणि मोटरवर थरथरणारी. चांगली डाळ वर ठेवायची आणि चुरी खाली पाडायची, हे माझं काम. जन्मभर खोट काढत राहिल्यामुळे माझा स्वभाव जरा चिकित्सक झाला आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मिलचे मालक कन्हैयालालजी पाहुण्यांना मुद्दाम माझी डाळ दाखवत. मला चालवायचे ते पंडितनाना. त्यांचा एक नेम होता. चाळणी रिकामी हलली तर मिल रिकामी होते, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. म्हणून आधी मूठभर डाळ टाकायची आणि मगच खटका दाबायचा.

नव्वद साल उलटून गेलं होतं. मालकांची पुतणी कुसुमलता इंजिनिअरिंगला होती. तिने आणि तिच्या मित्रांनी एक छोटा उपग्रह बनवला होता, गुळाच्या लहान ढेपेएवढा पत्र्याचा डबा. चाचणीच्या रॉकेटमधून तो थोड्या वेळापुरता वर जाणार आणि तिथल्या हवेची माहिती रेडिओवरून खाली पाठवणार होता. उडताना रॉकेट फार हादरतं. ते हादरे डबा सोसेल का, हे पाहायचं यंत्र कॉलेजात नव्हतं.

"काका, आपली चाळणी आहे की," कुसुमलता म्हणाली.

"भर हंगामात मिल थांबवतोय, लक्षात ठेव," कन्हैयालालजी म्हणाले, पण त्यांनी मिल थांबवली.

डबा त्याच संध्याकाळच्या गाडीने जायचा होता. आकाशात बिघडला तर दुरुस्त करायला कोणी जाणार नव्हतं, आणि पुन्हा संधीही मिळणार नव्हती. कुसुमलताने मला फडक्याने लख्ख पुसलं, डबा पट्ट्यांनी आवळला आणि नानांना बजावलं, "आज डाळ नको."

ती रेडिओकडे वळली आणि नानांनी सवयीने मूठ टाकलीच. मग खटका दाबला.

मी जीव तोडून हलले. नंतर रेडिओ लावला तर डब्याचा आवाज स्वच्छ येत होता. सोबत आलेल्या तिच्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमलताने डबा उचलला, आणि आत काहीतरी खुळखुळलं.

"नाना, मी नको म्हटलं होतं ना?" तिचा आवाज चिरका झाला होता.

"रिकामी चाळणी चालाडतस नही, बेटा," नाना खाली मान घालून म्हणाले.

रागारागाने तिने डबा उघडला. आत तुरीच्या डाळीचे दोन दाणे होते. ते काढता काढता तिचा हात थांबला. बंद डब्यात दाणा शिरला कुठून? बाजूच्या पत्र्याचे स्क्रू हादऱ्यांनी ढिले झाले होते. रेडिओ चालत होता म्हणून कोणी तिकडे पाहिलंच नसतं. रॉकेटवर तो पत्रा उघडला असता आणि सगळं तिथेच संपलं असतं.

कुसुमलताने स्क्रू घट्ट पिळले आणि घरून नेलपॉलिश आणून त्यांच्यावर लावलं, म्हणजे ते फिरणार नाहीत. डबा पुन्हा माझ्यावर बांधला. या वेळी मूठभर डाळ तिने स्वतः टाकली. नानांनी खटका दाबला. डबा उतरवून तिने कानाशी धरून हलवला, तर आत काहीच वाजलं नाही. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

महिन्याभराने ती मिलमध्ये आली.

"डबा कोठे शे आते?" नानांनी विचारलं.

"समुद्रात पडला, नाना. तो परत यायचाच नव्हता. पण पडेपर्यंत बोलत होता."

नानांनी डाळीची मूठ माझ्यावर टाकली आणि मिल सुरू केली.

आता नाना नाहीत. नवी यंत्रं आली, माझी मोटर काढून नेली, आणि मी गोदामामागे उभी आहे. जाळी गंजली आहे. मित्रांनो, मला पुन्हा चालवा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल, तर ते भंगारात देण्याआधी त्याच्यावरची धूळ एकदा पुसा. कुसुमलता गावी आली की गोदामामागे येते, मला पुसते आणि मूठभर डाळ टाकते. मी हलत नाही, तरीही.