शेवटच्या गोळीनंतर

पिस्तूल मुठीत बसलं आणि उस्ताद चक्क हसली. आता ही बाई हसली म्हणजे काय अघटित झालं, ते रेंजवरच्या लोकांनाच कळणार! पोलीस दलात नेमबाजी शिकवणं हे तिचं काम. निम्म्या दलाला तिनं पिस्तूल धरायला शिकवलेलं, आणि उरलेल्या निम्म्याला नीट धरलं नाही म्हणून झाडलेलं. 'उस्ताद' हे नाव पोरांनीच पाडलेलं, आणि आता साहेबसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायचे.

"अगं बाई!" ती म्हणाली. "हे तर माझ्याच मापाचं शिवलंय!"

मोठ्या चणीचं पिस्तूल. लांब नळी, मुठीला भरपूर जागा, मॅगझिनमध्ये जुन्याच्या जवळजवळ दुप्पट गोळ्या. आणि चाप? चाप म्हणजे लोणी. दलातली जुनी पिस्तुलं बदलायची होती म्हणून कंपनीच्या माणसानं नमुन्याचे तीन नग आणून दिले होते, आणि दलाच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, ते तपासायचं काम उस्तादच्या गळ्यात घातलं होतं.

"तुम्ही हो म्हणा, मी सही करतो," साहेब म्हणाले होते. "नव्या पिस्तुलांची पेटी आठवड्यात येईल. स्पर्धेच्या आत. लक्षात आहे ना?"

लक्षात आहे ना म्हणे! स्पर्धेवाचून तिच्या डोक्यात दुसरं होतं काय? दर वर्षी सगळ्या पोलीस दलांची नेमबाजीची स्पर्धा भरायची आणि दर वर्षी उस्ताद दुसरी यायची. तिसरी आली असती तर माणूस गप्प बसतो, नशीब म्हणतो. दुसरं येणं फार वाईट. नियम असा, की जे पिस्तूल दल कामावरच्या शिपायांना देतं त्याच पिस्तुलानं खेळायचं. आणि तिच्या दलाच्या पिस्तुलाचा चाप म्हणजे जुनाट रहाट. ओढता ओढता नेम हलायचा आणि पहिला नंबर शेजारच्या दलातली ती उंच बाई घेऊन जायची. पुढच्या वर्षी उस्तादची बदली कचेरीत ठरलेली. तिथून संघात कोण घेतंय? पहिलं यायचं तर यंदाच, आणि या पिस्तुलानंच.

मग काय विचारता! बाईनं कंबर कसली. पण पक्षपात मात्र केला नाही हो. उलट लेकीला सासरी पाठवण्याआधी आई जशी खोट काढत बसते, तसं तिनं त्या पिस्तुलाला छळलं. चिखलात लोळवलं, पाण्यात बुडवलं, वाळूत घासलं, खांद्याइतक्या उंचीवरून फरशीवर टाकलं. हातमोजे घालून झाडलं, डाव्या हातानं झाडलं, स्वस्तातल्या गोळ्या घालून झाडलं. कमरेच्या होल्स्टरमधून शंभरदा बाहेर काढलं. शस्त्रागाराच्या मिस्त्रीनं एक नग शिकंज्यात आवळून, दोरीनं चाप ओढत, मॅगझिनमागून मॅगझिन रिकामी केली. एकदा म्हणून अडकलं नाही. संघातल्या दोन नेमबाजांनी चालवलं, तेही हरखून गेले. कंपनीचा माणूस टाय सैल करून खुर्चीत बसलेला आणि मधूनमधून म्हणायचा, "बघा, मी सांगत नव्हतो?"

आणि उस्ताद स्वतः? काय हात चालत होता तिचा! पळत जायचं, आडोशाआडून दोन गोळ्या, चालता चालता मॅगझिन बदलायचं, पुन्हा दोन. घड्याळ लावणारा हवालदार काटा थांबवायचा, काट्याकडे बघायचा, मग उस्तादकडे बघायचा आणि पुन्हा काट्याकडे. गेल्या वर्षी त्या उंच बाईनं जो वेळ लावला होता तो उस्तादनं पहिल्याच दिवशी मागे टाकला. घरी येताना ती जिना चढली नाही, उडत आली.

जेवताना नवऱ्याला चापाची गोष्ट सांगितली. भांडी आवरताना मुठीची. दिवा मालवल्यावर अंधारातही चमकणाऱ्या माशीची, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेची.

"एक विचारू?" नवरा अंधारात म्हणाला. "बायकोला सवत असते. नवऱ्याला जे आलंय त्याला काय म्हणतात?"

"झोपा मुकाट्यानं," ती म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली.

राहिली होती एकच चाचणी. संघातले नेमबाज वेगळे आणि रोज गस्तीवर जाणारी माणसं वेगळी. वर्षातून दोनदा रेंजवर येणार, तीही कुरकुरत. अशा एखाद्या हातात पिस्तूल देऊन बघायला हवं होतं, आणि असा हात उस्तादच्या घरातच होता. तिची धाकटी नणंद गस्तीच्या गाडीवर होती. चण एवढीशी, जीभ मात्र अशी की दलात सगळे तिला लवंगी म्हणायचे. रेंज म्हटलं की हिचं डोकं दुखायचं.

"वहिनी, माझ्या सुट्टीच्या दिवशी?" लवंगी जांभई देत आली. "दादा बरोबर म्हणतो. तुला लग्नाआधीच एक पिस्तूल बघून द्यायला हवं होतं."

"बडबड कमी कर. कानावर मफ्स चढव. दोन भरलेली मॅगझिन घे आणि रस्त्यावर झाडशील तसं झाड."

लवंगीनं पिस्तूल धरलं. धरलं मात्र अगदी बरोबर, उस्तादनं शिकवलं होतं तसंच. दोन्ही अंगठे वर, पुढच्या दिशेला, एकावर एक टेकलेले. धडाधड, धडाधड. गोळ्या मोजणं वगैरे भानगड नाही. बाई सुटल्या की सुटल्या. कागदी माणसाच्या छातीत भोकं पडत गेली. "अगो! खरंच मऊ आहे हा चाप!" ती ओरडली आणि पुन्हा ओढला.

टक्.

लवंगीनं पुन्हा ओढला. काही नाही. पिस्तूल हलवून बघितलं, त्याच्याकडे रागानं बघितलं, मग एका हातानं नळीवरचं सरकतं आवरण, म्हणजे स्लाइड, मागे खेचली. आत नळीत गोळी नव्हती आणि मॅगझिनमध्येही नव्हती.

"वहिनी, हे तर रिकामं! मग बोललं का नाही?"

आता हे समजून घ्यायला हवं. पिस्तुलाची शेवटची गोळी उडाली की वरची स्लाइड मागेच अडकून राहते. तिला अडवून धरते ती बाजूची एक छोटीशी पट्टी. स्लाइड उघडी दिसली, पिस्तूल हाताला हलकं लागलं, की माणसाला कळतं, संपलं, मॅगझिन बदला. इथे स्लाइड बंद झाली होती, जणू आत अजून एक गोळी आहे.

"पट्टी मोडली असेल," उस्ताद म्हणाली. दुसरा नग दिला. टक्. तिसरा. टक्.

कंपनीचा माणूस उठून आला, बघितलं आणि हसला. "मॅडम, पिस्तुलात काही नाही. यांचा अंगठा पट्टीवर बसतोय. पट्टी दाबलेली राहिली तर वर येणार कशी? मुद्दाम मोठी केलीय ती, हातमोज्यातून सापडावी म्हणून. असं धरायला यांना शिकवलं तरी कोणी?"

लवंगीनं हनुवटीनं वहिनीकडे दाखवलं.

उस्तादनं पिस्तूल हातात घेतलं. तिनं स्वतः मॅगझिन भरलं, उभी राहिली, शेवटपर्यंत झाडलं. टक्. इतके दिवस, इतक्या गोळ्या, आणि तिला हा आवाज एकदाही ऐकू आला नव्हता. का? कारण स्पर्धेतला नेमबाज पिस्तूल कधी रिकामं होऊच देत नाही. गोळ्या मनात मोजत, एक आत असतानाच तो मॅगझिन बदलतो. तीच सवय तिला, तीच संघातल्या दोघांना. आणि मिस्त्रीच्या शिकंज्याला अंगठा नव्हता. जुन्या पिस्तुलाची पट्टी होती मागे आणि एवढीशी, तिथे अंगठा पोचायचाच नाही. देवा रे, काय चार शहाणे जमले होते!

"दुसरी पट्टी नाही येत?" तिनं विचारलं.

"येते ना. चपटी येते. पण ते वेगळं मॉडेल झालं, नव्यानं मागवायचं, नव्यानं चाचणी. तीन-चार महिने धरा." माणसानं हात पसरले. "त्यापेक्षा अंगठा खाली घ्यायला शिकवा की. एवढ्याशा गोष्टीसाठी का?"

तो चहाला गेला. लवंगी वहिनीजवळ बाकावर टेकली. चेष्टेखोर बाई, पण मनानं लोणी.

"वहिनी, ऐक. उद्या साहेब बघायला येणार, तू हो म्हण. मी अंगठा खाली ठेवीन ना. सगळ्यांना सांगीन, दटावीन. तू एकदा पहिली ये गं. दर वर्षी घरी येऊन तू ते दुसऱ्या नंबरचं पदक मोज्यांच्या खणात टाकतेस, मला बघवत नाही."

उस्तादला भरून आलं. तिला हो म्हणायचं होतं. इतकं म्हणायचं होतं की जिभेवर आलं होतं.

"आत्ता ठेवशील अंगठा खाली," ती म्हणाली. "पण समोरचा अंगावर धावून आला, तुझी पाचावर धारण बसली, तेव्हा कुठे जाईल तो?"

लवंगीनं आपल्या अंगठ्याकडे बघितलं. "जिथे ठेवायला तू शिकवलंस तिथे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, सोबत कचेरीतली तीन-चार बडी मंडळी. सगळ्यांना बातमी लागलेली की उस्ताद यंदा मैदान मारणार. साहेब तर लग्नघरात आल्यासारखे. "चला, दाखवा तुमची कमाल!"

आणि तिनं दाखवली! स्पर्धेचा अख्खा फेरा ती अशी काही धावली की बघणाऱ्यांनी श्वास रोखले. आडोसा, दोन गोळ्या, बदल, दोन गोळ्या, शेवटचा लोखंडी पत्रा ठणकन् आडवा. घड्याळवाल्या हवालदारानं आकडा ओरडून सांगितला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. असा फेरा तिच्या हातून आयुष्यात झाला नव्हता. त्या घटकेला तिला ते पिस्तूल इतकं आवडलं की ते खाली ठेववेना.

"झालं तर मग!" साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "हा झाला खेळ. आता काम बघा."

तिनं मॅगझिन बदललं, साहेबांना स्वतःच्या अगदी मागे बोलावून उभं केलं आणि झाडत सुटली. न मोजता, न थांबता, घाबरलेलं माणूस झाडतं तशी. धडाधड आवाज चालला होता, साहेब मान डोलवत होते.

टक्.

ती हलली नाही. पिस्तूल कागदी माणसावर तसंच रोखलेलं, स्लाइड बंद. पुन्हा चाप ओढला. टक्.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"संपल्या गोळ्या. मला कळलं नाही. समोरच्याला कळलं." तिनं पिस्तूल खाली घेतलं, मोकळं करून दाखवलं आणि अंगठा आणि पट्टी दोन्ही समजावून सांगितलं. स्वतःच्या सवयीमुळे इतके दिवस कसं लक्षात आलं नाही, तेही सांगितलं, आडपडदा न ठेवता.

कंपनीचा माणूस पुढे झाला. "साहेब, हा धरण्यातला दोष आहे. पिस्तुलातला नाही."

साहेबांनी उस्तादकडे बघितलं. "खरं आहे?"

"खरं आहे. पण हात अख्ख्या दलाचे आहेत आणि पट्टी एक आहे. पट्टी बदलायला सांगा. तोवर माझ्याकडून नाही."

"उस्ताद," साहेब हळूच म्हणाले, "आणि स्पर्धा?"

"जुनं आहे की, साहेब."

साहेबांनी पेन पुन्हा खिशात ठेवलं. मंडळी गेली, कंपनीचा माणूस तिन्ही नग पेटीत घालून घेऊन गेला. पेटीचं झाकण बंद होताना उस्तादनं तोंड फिरवलं.

लवंगी गणवेशात आली होती, संध्याकाळच्या गस्तीला निघालेली. कमरेला जुनं पिस्तूल. ती वहिनीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"वाईट वाटतंय?" तिनं विचारलं.

"वाटतंय. फार वाटतंय. रडावंसं वाटतंय, खोटं कशाला बोलू?"

"मग काय करू मी? सांग ना."

"तू?" उस्तादनं नणंदेच्या होल्स्टरचा पट्टा ओढून घट्ट केला, लहान मुलीच्या दप्तराचा करतात तसा. "तू गस्त संपव आणि सरळ घरी ये. तू दारात दिसलीस की माझं जाईल सगळं."

लवंगीनं वहिनीला गच्च मिठी मारली, भर रेंजवर, हवालदारासमोर, आणि डोळे पुसत गाडीकडे पळाली.