खणातला हुकूम

मी पगारजप्तीचा हुकूम बोलतोय. नाव ऐकूनच लोक दोन पावलं मागं सरतात, हे मला ठाऊक आहे. पण आज कुणाला घाबरवायला मी तोंड उघडलेलं नाही. मला माझीच लाज वाटते, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कोर्टातल्या टायपिस्टबाईंनी एका सकाळी मला तीन प्रतींत टाइप केलं. मी सगळ्यात वरची प्रत, म्हणून न्यायाधीशांची खरी सही माझ्या वाट्याला आली, गोल शिक्काही. मजकूर साधा होता. रस्ते खात्यात रोलर चालवणाऱ्या एका माणसानं बायकोला आणि सहा वर्षांच्या मुलीला सोडून दुसरा संसार थाटला होता. कोर्टानं पोटगी ठरवली, पण तो देईना. म्हणून खात्यानं त्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा दर महिन्याला कापून कोर्टात भरावा, आणि तोही ताबडतोब, असं माझ्या तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं. त्या 'ताबडतोब'चा मला केवढा तोरा होता!

कोर्टाचे हुकूम पोचवणारा बेलीफ मला घेऊन निघाला. रस्ते खात्याची कचेरी चार मजली, दारोदारी पाट्या. कायद्यात एवढंच होतं की हुकूम 'कार्यालयावर बजावावा'. कार्यालय म्हणजे कोण, साहेब की शिपाई की भिंत, हे कुठंच नव्हतं. बेलीफाचे गुडघे दुखत होते. त्यानं तळमजल्यावरची पहिली खिडकी गाठली.

"घ्या बाई, इथं एक सही करा, म्हणजे मी सुटलो."

खिडकीमागच्या बाईंना सगळे आवकबाई म्हणत. येणारं टपाल वहीत चढवायचं आणि ज्या त्या शाखेला धाडायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. बाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी मला वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि वहीत चढवण्याआधी एकदा विचारावं म्हणून पगार शाखेत नेलं.

"हे थेट आमच्याकडे यायला हवं होतं. तुम्ही घेतलंतच कशाला?" तिथला लिपिक म्हणाला.

आस्थापना शाखेनं तर मला हातही लावला नाही. "उद्या काही झालं की आमच्या गळ्यात!"

तासाभरात मी परत खिडकीशी.

कचेरीत अशी बातमी लपून राहत नाही. दुपारी रोलरवाला आला. एरवी दांडगा माणूस, पण खिडकीशी अंग चोरून उभा राहिला.

"ताई, घरी बाळंतपण तोंडावर आलंय. एक महिना दाबून ठेवा. पुढच्या महिन्यात मी स्वतः जाऊन भरतो. आईशप्पथ."

 आवकबाईंनी टेबलाचा खण उघडला, मला रबरबँडांखाली, डोकेदुखीच्या गोळ्यांखाली सरकवलं आणि खण लावला. वहीत नोंद झालीच नाही.

एक महिना गेला, दोन गेले. रोलरवाल्याला मुलगा झाला. तो खिडकीवर मिठाईचा पुडा ठेवून गेला. भरण्याचं मात्र नाव काढलं नाही. बाईंनी पुडा उघडलाही नाही, शिपायाला देऊन टाकला. मला वाटायचं, उद्या काढतील मला बाहेर. रोज सकाळी खण उघडायचा, गोळी निघायची, खण बंद व्हायचा.

चौथ्या महिन्यात ती आली. रोलरवाल्याची बायको. सोबत मुलगी. खण अर्धवट उघडा होता. फटीतून मला तिची बोटं दिसली. ती कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करायची, सुया टोचून टोचून बोटांची पेरं काळी पडली होती.

"बाई, कोर्टातून जप्तीचा कागद आलाय का हो? घरमालक या महिन्यात खोली सोडा म्हणतोय."

आवकबाईंनी आवकची वही तिच्याकडे फिरवली, पानं उलटून दाखवली. "हे बघा. असा कागद आमच्याकडे आलेलाच नाही."

वहीत खरंच काही नव्हतं. म्हणून तर ते खोटं पचलं.

"माफ करा हं, तुम्हाला उगाच त्रास दिला," ती म्हणाली आणि मुलीचा हात धरून निघून गेली.

आमच्यात वीतभर अंतर होतं. अंगावर कोर्टाचा शिक्का, पोटात 'ताबडतोब', आणि मी गोळ्यांखाली गप्प. त्या संध्याकाळी बाई सगळे गेल्यावरही बसून राहिल्या. दोनदा खणाला हात लावला, दोनदा काढून घेतला.

तिची खोली गेली. मायलेकी भावाकडे राहायला गेल्या. तिथं वहिनी रोज भांडी आपटायची, आणि मुलगी मामाच्या घरात पाणी मागायलाही बिचकायची. हे सगळं मला पुढे सुनावणीत कळलं.

सातव्या महिन्यात कोर्टानं विचारणा केली. बेलीफ स्वतः खिडकीशी आला आणि त्यानं आपलं पुस्तक उघडलं. "बाई, ही सही तुमचीच ना?"

आवकबाईंनी खण उघडला आणि मला त्याच्या हातात दिलं.

कोर्टात खात्याचा वकील म्हणाला, "खिडकीवरचा कारकून म्हणजे कार्यालय नव्हे. हुकूम आमच्यावर बजावलाच गेलेला नाही." न्यायाधीशांनी कायदा दोनदा वाचला आणि सुस्कारा सोडला. कपात पुढच्या पगारापासून सुरू झाली. मागचे सात महिने तिनं रोलरवाल्याकडून वसूल करावेत, असं ठरलं. म्हणजे बुडालेच.

आवकबाईंची वेतनवाढ रोखली गेली. प्रकरण वर्तमानपत्रात आलं, आणि राज्याच्या विधिमंडळानं कायदा दुरुस्त करायला समिती नेमली. बाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या रजा टाकून समितीपुढे गेल्या. मी फायलीत टाचलेला समोरच होतो.

अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "बाई, कायदाच मोघम होता. तुमचा काय दोष?"

"साहेब, कायद्यात फट होती, खरंय. पण कागद त्या फटीत आपोआप नाही गेला. मी वाचला, मला कळला, आणि मीच ठेवला. ती विचारायला आली तेव्हा मी तिला वही दाखवली."

रोलरवाल्याची बायको मागच्याच बाकावर बसली होती. निघताना दोघी दाराशी समोरासमोर आल्या. आवकबाईंनी हात जोडले.

"त्या दिवशी मी तुमची माफी मागितली होती," ती म्हणाली. "तेवढी परत घेते."

"घ्या," आवकबाई म्हणाल्या.

नवा कायदा झाला. आता प्रत्येक खात्यात एक अधिकारी नेमलेला असतो, त्याच्या दारावर तशी पाटी असते. हुकूम बंद पाकिटात त्याच्याच हाती जातो, तारीख-वेळ घालून पोच मिळते आणि सात दिवसांत कोर्टाला उत्तर जातं. चुकून दुसऱ्या खिडकीवर गेला, तर त्याच दिवशी पुढे पोचवायचा. पण मागच्यांना हा कायदा लागू नाही. मी मागचाच.

मी समितीच्या फायलीतच आहे. कुणी फाइल चाळायला आलं की म्हणतं, "हाच तो, ज्याच्यामुळे कायदा सुधारला." तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं.

तुमच्या टेबलाच्या खणात माझ्यासारखा कुणी पडला असेल, तर तो कुणी स्वीकारायचा होता यावर वाद घालत बसू नका. त्याची वाट कोण बघतंय, तेवढं वाचा, आणि आज ऑफिस सुटायच्या आत त्याला बाहेर काढा. खण आतून उघडत नाही हो.