डावी बाजू

"पंखा बंद करा," परीक्षक म्हणाला, आणि दुरुस्त होऊन दुपारीच परत आलेला तो अजस्र पंखा घरघरत थांबला.

तालीमखान्यात एकाएकी शांतता पसरली. रिंगमध्ये तरुण बॉक्सर आणि त्याचा सरावाचा जोडीदार पुन्हा भिडले. मघाशी, पंख्याच्या घरघरीत, तरुणाच्या डाव्या कानशिलावर लागोपाठ दोन ठोसे बसले होते. आता तोच जोडीदार त्याच बाजूने आठ वेळा आत शिरला; तरुणाने दर वेळी मान किंचित डावीकडे कलती केली आणि आठही ठोसे हवेत गेले. वस्ताद गालातल्या गालात हसला; आमच्या गड्याला वारा सोसत नाही, म्हणाला.

परीक्षक हसला नाही. उगवत्या बॉक्सरांचे पाणी जोखण्यात त्याची तीस वर्षे गेली होती. त्याचा अहवाल आल्याखेरीज आयोजक कोणाला मोठ्या लढतीत उतरवीत नसत, आणि पाठवलेला एकही अहवाल त्याने आजवर मागे घेतला नव्हता. या तरुणाचा अहवाल तर सकाळीच गेला होता. तीन दिवस पाहून, शब्द न् शब्द तोलून त्याने लिहिले होते: डावी बाजू अभेद्य.

सराव संपल्यावर तरुण कपडे बदलण्याच्या खोलीत बाकावर बसून हातांच्या पट्ट्या सोडत होता. परीक्षकाने दारातूनच, चाहूल लागू न देता, त्याच्या डावीकडून टॉवेल अलगद फेकला. तो गालाला लागून खांद्यावर पडला, तेव्हा कुठे तरुण दचकला.

"केव्हापासून दिसत नाही?"

तरुणाने सोडलेली पट्टी गुंडाळायला घेतली. "वर्ष झालं. पण बुटांचा आवाज येतो ना, मास्तर. मारायच्या आधी माणूस श्वासही ओढतो. तेवढ्यावर भागतं."

"आणि डॉक्टरांना?"

"अक्षरांचा तक्ता पाठ केला. खालच्या ओळीसकट." तो ओशाळून हसला. "शाळेत एवढं पाठ केलं असतं, तर मार खायचा धंदा कशाला करावा लागला असता?"

परीक्षकाने त्याला परोपरीने समजावले. भरल्या सभागृहात बूट ऐकू येत नाहीत, श्वास तर नाहीच नाही.

"सहा वर्षं ताई एकटी घर ओढतेय, मास्तर. ही एकच लढत. मग मी आपणहून सोडतो. तुम्ही फक्त गप्प राहा."

घरी येऊन परीक्षकाने कोरा कागद पुढे ओढला. 'डावी बाजू' एवढेच शब्द उमटले आणि त्यांच्यापुढे तीस वर्षांचा लौकिक आडवा आला. मग तरुणाची विनवणी आठवली; ती आठवली याचे त्याला बरेही वाटले. पोराचा शब्द राखायला हवा, असे स्वतःला बजावून त्याने पेनाला टोपण लावले.

लढतीच्या दिवशी सभागृहाच्या दारावरच्या फलकावर परीक्षकाचे वाक्य हातभर अक्षरांत रंगवलेले होते. प्रतिस्पर्ध्याचा वस्ताद ते वाचत उभा होता.

घंटा झाली. हजारो माणसे एका घशाने ओरडू लागली. रिंगमध्ये तरुणाने कानोसा घ्यायला मान किंचित डावीकडे कलती केली, तालीमखान्यात करी तशीच; आणि ती तशीच राहिली.

त्या गदारोळात पहिल्या रांगेतला एकच माणूस ओठ घट्ट मिटून, श्वाससुद्धा रोखून बसला होता.