इसिदोरची इर्जिक

"फुला, पंधरा मेला, नांगर शेतात शिरायच्या आधी, पाखरांना मूठभर दाणे टाकायचे. मी इथं नसले तरी."

वालचंदनगरच्या कॉलनीत फुलाबाई भाजी घेऊन जायची, तिथल्या दवाखान्यातल्या मार्था सिस्टरांचं हे सांगणं. निवृत्त होऊन लेकीकडे वसईला जाताना त्यांनी शेतकऱ्यांचा संत म्हणून मानल्या जाणाऱ्या इसिदोरची तसबीर तिच्या हाती दिली आणि तिनं मान हलवली. सोमवार, एकादशी, तुळशीचं पाणी, कधी काही न चुकवलेल्या बाईची मान होती ती.

आज पंधरा मे, इसिदोरचा सण. वरकुट्याला फुलाबाईच्या घरालगतच्या रानाशी ट्रॅक्टर येऊन उभा होता आणि धान्याच्या कोठीची किल्ली सासऱ्यांच्या, सर्जेरावांच्या करगोट्याला.

"आबा, मूठभर ज्वारी पायजे हुती. पाखरांना."

"त्या तसबिरीतल्या आळश्यापायी व्हय?" सर्जेराव उखडले. "नऊशे वर्सांमागचा सालगडी, नांगर सोडून देवाफुडं बसायचा! संगतीच्या गड्यांनी मालकाला सांगितलं, बेस केलं."

"पर मालक बघाय गेला, तर ह्यो हात जोडून बसल्याला आन् देवदूत पांढऱ्या बैलांनी रान नांगरत्यात," फुलाबाई हळूच म्हणाली.

"म्हंजी काम दुसऱ्याचं. आयताच संत!"

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या सासूबाईंना, दगडाबाईंना राहवलं नाही. "अवं, पाय मोडून तुमी खाटंवर पडला हुता, तवा आपलं रान कुणी नांगरलं? तुमी बी संतच की मग!"

"ती इर्जिक हुती! आठ औतं आली हुती. अडल्याचं रान समद्यांनी नांगरायचं, त्यानं समद्यांस्नी जेवू घालायचं. घातलं न्हवं पुरणाचं?" बोलता बोलता सर्जेराव थबकले. "फुला, देवदूतांस्नी काय वाढलं त्यानं?"

फुलाबाई गोंधळली. गिरणीच्या वाटेवर इसिदोरनं भुकेल्या कबुतरांना पोत्यातला गहू ओतला, एवढं सिस्टरांनी सांगितलं होतं. देवदूतांच्या जेवणाचं काहीच नाही.

"ठावं न्हाय, आबा."

"इर्जिकीला आल्याली उपाशी धाडली?" म्हाताऱ्याचा चेहरा खरोखर उतरला. "पंख हुते न्हवं त्यांस्नी?"

"व्हय."

सर्जेराव उठले. कोठी उघडून त्यांनी सूप शिगोशीग भरलं आणि सुनेच्या हाती दिलं. "मूठभरात इर्जिक भागती व्हय?" ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी थांबायची खूण केली.

फुलाबाईनं डोक्यावर पदर घेतला, सूप कमरेला लावलं आणि बांधाची वाट धरली.