पुसलेली निळी रेघ

मी एक जुनी रीसेट फाईल आहे. नाव ऐकून लगेच तोंड वाकडं करू नका, मित्रांनो. मोबाइलवर आणि संगणकावर तुम्ही जी पानं भराभर सरकवता, त्यांच्या तळाशी माझ्यासारखी एखादी फाईल मुकाट बसलेली असते. तुम्हाला तिचा पत्ताही नसतो, आणि तो असावा अशी अपेक्षा मी कधीच सोडून दिली आहे.

माझं काम कळायला आधी ब्राउझर नावाचा प्राणी कळायला हवा. ब्राउझर म्हणजे तुम्हाला वेबसाइट उघडून दाखवणारा गडी. त्याने दार उघडावं आणि बाजूला व्हावं. पण नाही! या मेल्याला स्वतःची आवडनिवड असते. पान कोणाचंही असो, हा मथळा आपल्या मर्जीने फुगवणार, यादीपुढे काळे ठिपके ठेवणार, कडेला न विचारता जागा सोडणार आणि बटणांना असला करडा रंग फासणार की बघवत नाही. बरं, दोन ब्राउझरांचं तरी एकमत असावं? एकाचा समास रुंद, दुसऱ्याचा अरुंद. तेच पान एका घरी नीटनेटकं दिसतं आणि शेजारच्या घरी गबाळं.

त्यांचं हे न मागता दिलेलं शहाणपण पुसून टाकायला माझा जन्म झाला. पानावर सगळ्यांत आधी मी जाते. समास शून्य, ठिपके गायब, बटणांचा रंग साफ. मी पान उघडंबोडकं करून ठेवते आणि मग माझ्या मागून येणारी दुसरी फाईल त्याला साइटवाल्याच्या मनासारखे कपडे चढवते.

मला लिहिलं कृतिकाने. तुळिंजच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्यांची एक कचेरी आहे, तिथे ती वेबसाइट बनवायची. तिने माझी एकेक ओळ लिहिली आणि प्रत्येक ओळ वेगवेगळ्या ब्राउझरांत उघडून पाहिली. खाली भांड्यांचा खणखणाट चालू असताना ती आपली मान खाली घालून बसलेली असे. माझ्या डोक्यावर तिने एक टीप लिहिली होती: ‘इथे जे पुसलं आहे, ते पुढच्या फाईलमध्ये आपल्या हाताने परत द्यावं.’ आणि एका ओळीशेजारी आणखी एक: ‘ही रेघ काढलीत, तर दुसरी दिल्याशिवाय उठू नका.’

ती कसली रेघ, ते सांगते. माऊस न वापरता नुसत्या कळफलकावर काम करणारी माणसं असतात. टॅबची कळ दाबली की ती एका बटणावरून पुढच्या बटणावर जातात. आपण आत्ता कोणत्या बटणावर आहोत हे त्यांना कळावं म्हणून ब्राउझर त्या बटणाभोवती एक निळी रेघ काढतो. मला ती मुळीच आवडायची नाही. छान सजलेल्या पानावर ती निळी चौकट म्हणजे कोऱ्या सदऱ्यावर शाईचा डाग. मी ती पुसायची. कृतिका माझ्या मागून येणाऱ्या फाईलमध्ये न चुकता दुसरी, जाडसर रेघ काढून द्यायची. मला तो तिचा फाजील लाड वाटे.

ती माझी ऐन कामाची वर्षं होती. दवाखाने, शिकवण्या, लग्नाचे हॉल, सगळ्यांच्या पानांखाली मी होते. ‘ही फाईल टाकली की निम्मं काम झालं,’ असं लोक म्हणायचे. मला गर्व झाला होता, हे मी लपवत नाही.

मग कृतिका दुसरी नोकरी लागून गेली आणि मी केयूरच्या हाती पडले.

केयूरबद्दल काय सांगू! राजोडीच्या अलीकडे वाडी असलेल्या बागायतदार घरातला मुलगा. केसांना रोज वेगळं वळण, बोलण्यात पदोपदी हिंदी-इंग्रजी. त्याने मला उघडलंदेखील नाही. ‘अरे यार, कोण एवढं वाचतंय, साइझ कमी कर,’ असं स्वतःशीच म्हणत त्याने मला आखडून टाकणाऱ्या एका यंत्रातून काढलं. माझ्या सगळ्या ओळींची एक लांबलचक ओळ झाली. कृतिकाच्या दोन्ही टिपा उडाल्या. खरं सांगू? मला हलकं वाटलं. सारखं कोणीतरी सूचना देत उभं असल्यासारखं वाटायचं, ते संपलं.

त्यानंतर केयूरने घरच्यांसाठी एक साइट बनवली. त्यांच्या वाडीत राजेळी केळी होतात, आणि पाऊस सरून ऊन कडक झालं की त्यांची सुकेळी करतात. पिकलेली केळी सोलायची, दिवसभर उन्हात मांडायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा मांडायची. असं आठवडाभर केलं की मधासारखा रंग चढतो. मग ती केळीच्या वाळक्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, बांधतात. हे काम चाळीस वर्षं केयूरचे मोठे काका विद्याधर आणि लीलाकाकू करत आले. गेल्या वर्षी विद्याधरकाकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, डावा कापू लागला, बोलणं संथ झालं. केळी सोलणं सुटलं.

माणूस ओटीवर बसून नुसता केळीच्या मांडवाकडे बघत राही. शेवटी लीलाकाकूंनीच विषय काढला, ‘ऑर्डरी हे बघतील.’ केळीचं काम सांभाळून काका निवृत्त होईपर्यंत एका शाळेच्या कचेरीत टाईप करत होते. कापऱ्या हाताला माऊस धरवत नव्हता, मोबाइलवर बोट भलतीकडेच पडायचं, पण कळफलकावरची कळ मात्र ते बरोबर शोधायचे. टॅब दाबत जायचं, ‘स्वीकारा’वर आलं की एंटर. एवढं एक काम त्यांच्याकडे उरलं होतं. रोज सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून संगणकापुढे बसत, कचेरीत निघाल्यासारखे.

केयूरच्या पानाखाली मी होतेच. मी निळी रेघ पुसली. केयूरने दुसरी दिली नाही. त्याला रेघ नावाची काही वस्तू असते हेच ठाऊक नव्हतं.

प्रत्येक ऑर्डरीपुढे दोन बटणं होती, ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’. काका टॅब दाबत, आणि पानावर काहीच हलत नसे. मग ते मनात मोजू लागले. सात वेळा दाबलं की पहिलं ‘स्वीकारा’. दोन दिवस ते जमलं. तिसऱ्या दिवशी केयूरने वर ‘आमच्याविषयी’ नावाचं एक फुसकं बटण जोडलं, आणि सगळे आकडे एकाने सरकले. पहिल्याच ऑर्डरीशी काही झालं नाही, म्हणून काकांनी चाचपडत आणखी टॅब दाबले आणि हिशोब पार बिघडला. नऊ जुन्या गिऱ्हाइकांना ‘आपली ऑर्डर नाकारण्यात आली आहे’ असा निरोप गेला.

गिरीजच्या मेरीबाईंचा फोन आला. त्यांची मुलगी परदेशातून यायची होती आणि तिला दरवर्षी हीच सुकेळी लागत. ‘लीलाबाय, आमचा काय चुकला गो? तुमी आमाला नाय बोलले?’

‘चूक झाली, ऑर्डर पुन्हा पाठवा,’ काकू म्हणाल्या. काका शेजारी बसून ऐकत होते. त्यांची मान खाली गेली.

आणि तुम्हाला सांगते मित्रांनो, तेव्हा मीसुद्धा नाक मुरडलं. मनात म्हटलं, झालं, डोकं गेलं म्हाताऱ्याचं. दोन बटणांतलं एक ओळखता येत नाही! जगातल्या सगळ्या ब्राउझरांची अक्कल काढणारी मी, माझी स्वतःची अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर केयूरचे वडील चंद्रहास ओटीवर येऊन बसले. भावाकडे न बघता म्हणाले, ‘दादा, तू आता आराम कर. उद्यापासून ऑर्डरी केयूर बघेल. लोकांत नाव खराब होतंय.’

‘मी... बरोबर... दाबलं होतं,’ काका म्हणाले.

‘काका, टेन्शन नका घेऊ,’ केयूर म्हणाला. ‘तुमची मिस्टेक नाहीये. एज झालं की होतं असं. साइट एकदम परफेक्ट आहे, मी स्वतः चेक केली.’

काकांनी कळफलक हळूच पुढे ढकलला. ते ढकलणं मी पाहिलं. झटका आला तेव्हाही हा माणूस इतका हरला नसेल.

लीलाकाकू पलीकडे पाय पसरून सोपट फाडत बसल्या होत्या. दोन दिवस त्या नवऱ्याच्या शेजारी बसून बघत होत्या. संगणकातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण हात कुठे आहे हे दिसल्याशिवाय सुरी चालवत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. त्या उठल्या, टेबलावरचा माऊस वायरीसकट उपटला आणि सोपटाच्या टोपलीत टाकून दिला.

‘काकू, अरे! काय करताय?’

‘आता चालव,’ काकू म्हणाल्या. ‘तुझे काका चालवतात तसं. आणि डावा हात.’

केयूर हसला. ‘इझी आहे ओ.’ त्याने टॅब दाबला. पुन्हा दाबला. पान ढिम्म. त्याने डोळे बारीक केले, नाक पडद्याला लागेल इतका वाकला. ‘एक मिनिट हां... इकडेच असेल...’ आणखी सातदा दाबला. मग मोठ्या रुबाबात एंटर.

पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पाटी आली: ‘ऑर्डर नाकारली.’

चंद्रहासनी नाव वाचलं आणि उडालेच. ‘गाढवा! ती माझ्या साहेबांची ऑर्डर होती!’

काकूंनी पुन्हा सोपट हातात घेतलं. ‘भावजी,’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘केयूरला जरा आराम करू द्या. वय झालं त्याचं.’

विद्याधरकाका हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले.

केयूरचे कान लाल झाले. ‘सॉरी, काका,’ तो पुटपुटला. त्याने टोपलीतला माऊस मागायचीही हिंमत केली नाही. आपला लॅपटॉप काढला आणि शोधत शोधत तो माझ्यापाशी आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने मला वाचलं. जुन्या फोल्डरात माझी मूळ प्रतही सापडली, आणि त्याने कृतिकाची टीप मोठ्याने वाचली: ‘ही रेघ काढलीत, तर दुसरी दिल्याशिवाय उठू नका.’

मला लाज वाटली, मित्रांनो. आयुष्यभर मी ब्राउझरांना हसले. त्यांच्या ठिपक्यांना, फुगीर मथळ्यांना, करड्या बटणांना मी आजही हसते, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. पण त्या मूर्खांनी एक रेघ बरोबर काढली होती. मला ती डाग वाटली, आणि एका माणसाला त्याच्याच घरात वेडा ठरवायची वेळ आली.

केयूरने खरोखरच उठायच्या आत दुसरी रेघ दिली. जाड, पिवळी, लांबून दिसणारी. देखण्या पानावर ती अगदी भडक दिसते. वायर खोचून काकूंनी माऊस परत दिला, पण काकांनी तो बाजूला सारला आणि कळफलक ओढून घेतला. टॅब. पिवळी रेघ ‘मुख्य पान’वर. टॅब, टॅब. रेघ हलत गेली आणि मेरीबाईंनी पुन्हा पाठवलेल्या ऑर्डरीच्या ‘स्वीकारा’वर येऊन थांबली. काकांनी तिच्याकडे पोटभर बघून घेतलं आणि एंटर दाबलं.

चंद्रहासनी खुर्ची ओढली आणि भावाच्या शेजारी बसले. ‘दादा, माझ्या साहेबांचंही तेवढं बघ रे,’ एवढंच म्हणाले.

मित्रांनो, दुसऱ्याचं केलेलं पुसायला फार अक्कल लागत नाही. मी तेच करत आले आणि मिरवत आले. तुम्हीही उद्या कोणाचं तरी घर, वही, रीतभात साफ करायला घ्याल आणि स्वतःला शहाणे समजाल. पुसा खुशाल, जगात पुसण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्याआधी माऊस टोपलीत टाका आणि डाव्या हाताने एकदा चालवून बघा. तेही जमत नसेल, तर निदान माझ्यासारख्या फाईली न वाचता वापरू नका.

त्या दिवशी निघताना केयूरने मला पुन्हा ओळीओळीने मांडलं आणि कृतिकाच्या दोन्ही टिपा जागच्या जागी ठेवल्या. तेवढ्यात काकांनी बोटाने खूण केली: मला एक लिहायचंय. केयूरने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. डाव्या हाताच्या एका कापऱ्या बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी कृतिकाच्या रेघेवरच्या टिपेखाली एक ओळ टाईप केली. बराच वेळ लागला. ओटीवर सगळे थांबले, कोणी घाई केली नाही. माझ्यात ‘समास शून्य’सारखी कितीतरी शून्यं आहेत, ती सगळी उद्या उडाली तरी मला दुःख नाही. ही एक ओळ मात्र मी कोणाला पुसू देणार नाही.

‘ही रेघ पुसू नये. मी तिथे असतो.’