सेटच्या बटणाखाली

चटईवर अकरा स्क्रू, चार फ्यूज, ब्रेक पेडलचे दोन स्विच आणि माझा मल्टिमीटर होता. स्विचपैकी एक जुना, एक मी संभाजीनगरहून मागवलेला. फ्यूज चारही चांगले. स्विच दोन्ही चांगले. तरी बाबांच्या चौदा वर्षं जुन्या गाडीचा क्रूझ कंट्रोल दसऱ्यापासून लागत नव्हता. ऑनचं बटण दाबलं की दिवा लागायचा. सेटचं दाबलं की काहीच नाही.

बाबांचा उजवा गुडघा अ‍ॅक्सिलरेटर फार वेळ दाबू देत नाही. समृद्धीवर वेग बांधून पाय मोकळा ठेवता यावा, म्हणूनच त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली. मी फिजिक्समध्ये एमएस्सी. तीन रविवार डॅशबोर्डखाली घालवले. चौथ्या रविवारी त्यांनी मला न विचारता हरिओमला बोलावलं.

हरिओम दहावीनंतर गॅरेजात गेलेला. बाबा त्याच्यासाठी टॉर्च धरून उभे होते. माझ्यासाठी एकदाही धरला नव्हता. गाडी दुरुस्त व्हायला हवी होती, पण त्याच्या हातून नको.

"काका, ब्रेकचा स्विच कोणं बदलला?"

"अनुनं."

"बसवला मस्त. पण गरज नव्हती, ताई."

त्यातलं 'मस्त' मला जास्त झोंबलं.

त्याने बॅटरीची वायर काढली आणि एअरबॅग चुकून फुटू नये म्हणून दहा मिनिटं थांबला. तेवढ्यात बाबांनी त्याला चहा दिला, त्याच्या आईची तब्येत विचारली. माझ्या पीएचडीच्या मुलाखतीचं काय झालं, हे गुरुवारपासून विचारलं नव्हतं.

मग हरिओमने स्टिअरिंगवरचं सेटचं बटण सोडवून तळहातावर पालथं केलं. आत लाल थर वाळून बसला होता. त्यात तांदळाचा अर्धा दाणा.

"गाडीले परसाद कोणं चारला, काका?"

दसऱ्याची पूजा मी केली होती. या गाडीतलं मला सगळ्यात आवडणारं बटण ते, म्हणून ओल्या कुंकवाचं पहिलं बोट तिथेच टेकवलं, वर अक्षता. बाबा तेव्हा शेजारी नारळ घेऊन उभे होते.

"म्याच लावलं," बाबा म्हणाले. "बोटाले अंदाज राहत नाही आता."

हरिओम हसला. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

"मी लावलं," मी म्हणाले. "ओलं होतं."

हरिओमने बटण माझ्यापुढे धरलं. "मंग साफबी तुम्हीच करा, ताई. माह्या बोटाले ग्रीस हाये."

मी स्पिरिट आणि कापूस घेतला. टॉर्चचा उजेड सरकून माझ्या हातांवर आला. बटण दाबल्यावर मीटर आधी काहीच दाखवत नव्हता, आता ०.४ ओहम. संपर्क जुळला होता.

मेहकरजवळ समृद्धीवर चढलो. हरिओम पुढे बाबांशेजारी, मी मागे, वही घेऊन. काटा ८०वर आला, बाबांनी सेट दाबलं आणि उजवा पाय खाली ठेवला. काटा ८०वरच राहिला. पुढचे १५ किलोमीटर, दगड मोजून, ११ मिनिटं ३२ सेकंद. काट्यापेक्षा दोनने कमी, खरा वेग ताशी ७८.